‘दोन बाय दोन’ची लादी भरत नाही दोन फूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीआधी घरात नव्या लाद्या बसवून घेण्याची लगबग कोकणात दरवर्षी असते आणि मापातली चूकही बहुधा याच घाईत होते. राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराची ओटी २० बाय १२ फूट आणि माजघर १६ बाय १० फूट, म्हणजे एकूण ४०० चौरस फूट. ‘दोन बाय दोन’च्या चार लाद्यांचा बॉक्स १६ चौरस फुटांचा धरून दुकानदाराने २५ बॉक्स सांगितले, मोडतोडीसाठी एक जादा चढवला आणि आम्ही मान डोलावली.

प्रत्यक्षात ही लादी ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जवळपास १० मिलिमीटर कमी असते. बॉक्सवरही १.४४ चौरस मीटर असेच छापलेले होते. त्याचे साडेपंधरा चौरस फूट होतात. २५ बॉक्समागे साडेबारा चौरस फुटांची तूट तिथेच आली. ओटीच्या १२ फुटांत सहा लाद्या बसूनही भिंतीशी सुमारे दोन इंच जागा उरली आणि जांभ्याच्या जुन्या भिंती गुण्यात (काटकोनात) नसल्याने तिथली प्रत्येक पट्टी वेगळ्या मापाने कापावी लागली. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायची लाद्यांची पट्टी, तर कोणी हिशेबात धरलेच नव्हते. एका लादीतून चार इंची पाचच पट्ट्या निघतात, म्हणजे १०० फूट स्कर्टिंगला ११ लाद्या हव्यात. सरळ मांडणीला १० टक्के वाढ धरून (तिरप्या मांडणीला १५ टक्के तरी धरावेत) सगळे मिळून ३२ बॉक्स लागत होते.

उरलेले सहा बॉक्स मागाहून आणले, ते दुसऱ्या बॅचचे निघाले. दुकानातल्या दिव्याखाली न दिसलेला रंगातला फरक ओटीवरच्या उजेडात लगेच दिसतो. त्यात आमच्या वाडीत टेम्पो पाखाडीपर्यंतच (दगडी पायऱ्यांच्या वाटेपर्यंतच) येतो. भाडे पुन्हा द्यावे लागले आणि डोक्यावरून उतरवताना दोन लाद्या फुटल्या, त्या वेगळ्याच. मुंबईहून फोनवर माप कळवणाऱ्या चाकरमान्यांनी तर हे जरूर ध्यानात घ्यावे.

दुकानदारांना विनंती की, त्यांनी पावतीवर बॉक्सवर छापलेले क्षेत्रफळ आणि बॅच क्रमांक लिहावा, तसेच न फोडलेले बॉक्स परत घेणार की नाही, हेही त्याच पावतीवर नोंदवावे.

आपला,
एक वाचक, राजापूर तालुका