रबर बदलण्याआधी भुकटी बघायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,

५० एचपीच्या स्क्रू कॉम्प्रेसरचं कपलिंग (मोटर आणि कॉम्प्रेसरचे शाफ्ट जोडणारा सांधा) खडखडायला लागलं की नवा स्पायडर, म्हणजे त्यातला पाकळ्यांचा रबरी तुकडा, टाकायचा आणि मोकळं व्हायचं, हीच सगळीकडची रीत. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून हे पत्र. मनापासून आभार.

विजेचा आयसोलेटर बंद करून कुलूप घातलंत, सेपरेटर टाकीच्या दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत कपलिंगवरच्या गार्डला हात लावू दिला नाहीत. मग गार्डच्या तळाची भुकटी बोटावर घेतलीत. काळी भुकटी रबराची. तांबूस असती, तर हब (शाफ्टवर बसवलेला कपलिंगचा अर्धा भाग) शाफ्टवर किंवा त्याला अडकवणाऱ्या चावीत सैल होऊन घासतोय असं समजायचं. स्पायडरच्या पाकळ्या कडक होऊन तडकल्या असत्या, तर संशय उष्णतेवर. इथे त्या लवचिक होत्या, नुसत्या झिजलेल्या. म्हणजे दोष अलाइनमेंटचा, दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसल्याचा.

पण डायल (शाफ्टमधला फरक मोजणारं गेज) लावण्याआधी तुम्ही मोटरचे पाय तपासलेत, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. एकेक बोल्ट सैल केल्यावर मागचा डावा पाय ०.१५ मिमी उचलला गेला. असा पाय अधांतरी राहिला तर बोल्ट आवळताना मोटरची बॉडीच पिळवटते आणि डायलचं कुठलंच रीडिंग टिकत नाही. त्या एका पायाखाली शिम (पातळ पत्रा) घातल्यावरच खरं माप सुरू झालं.

दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवून वर शून्य, खाली ०.३६ आलं. खरा फरक त्याच्या निम्मा, ०.१८ मिमी, हे तुम्ही खडूने फरशीवर काढून समजावलंत. पूर्ण ०.३६ चे शिम घालणारे कमी नाहीत, आणि मग चूक तेवढीच राहते, फक्त उलट्या बाजूला. मोटर खाली होती, म्हणून चारही पायांखाली ०.१८. आडवी दिशा मोटर बाजूला ढकलणाऱ्या जॅक बोल्टने जुळवलीत.

दोन हबमधली फटही फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजलीत. फट कमी पडली की हब स्पायडरला दाबतात आणि तो जोर बेअरिंगवर जातो. एअरएंडचं (हवा दाबणाऱ्या स्क्रूच्या भागाचं) बेअरिंग स्पायडरच्या कितीतरी पट महाग.

मशीन तापल्यावर बंद करून पुन्हा डायल लावायचा तुमचा आग्रह आम्ही आता नियमच केला आहे. ती रीडिंग्ज लॉगबुकात तारखेसह आहेत. पुढच्या फेरीला नक्की बघा.

आपले,
कॉम्प्रेसर रूमची मेन्टेनन्स मंडळी