एका 'नाही'ची गोष्ट

महोदय,

कॅनडावरच्या आपल्या लेखात 'मीच लेक' हा तिथल्या राज्यघटनेत बदल करणारा करार 'बारगळला' एवढ्या एका शब्दात उरकला आहे. तो आपोआप नाही बारगळला! मी मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीत, विनिपेगला लेकाकडे असते. इथल्या विधानसभेत एलायजा हार्पर बसत. ते रेड सकर लेक या वस्तीतले, ओजी-क्री या मूलनिवासी समाजातले. १९८१ मध्ये ते मॅनिटोबाचे आमदार झाले, पुढे मंत्री होऊन मूलनिवासींचा कारभार पाहिला. १९८७ मध्ये गाडीच्या अपघातानंतर मंत्रिपद सोडावं लागलं, मग परतही मिळालं. हेही सांगायलाच हवं, उगाच देवत्व नको.

करारात क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताला 'वेगळा समाज' म्हणून मान होता, मूलनिवासींचं नावही नव्हतं. तो २३ जून १९९० पर्यंत सर्व प्रांतांनी मंजूर करायचा होता. वेळ कमी, म्हणून ठरावाआधी द्यावी लागणारी पूर्वसूचनेची मुदत टाळून तो मॅनिटोबाच्या विधानसभेत मांडायचं ठरलं. पण त्याला एकूण एक आमदाराची संमती लागे. १२ जूनला हार्पर हातात गरुडाचं पीस धरून 'नाही' म्हणाले. भाषण नाही, आरडाओरडा नाही. पुढच्या दिवसांतही तेच, आणि मुदत टळली.

मी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे मला कौतुक त्या नियमाचंच जास्त. बहुतेक जण नियमावलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

हार्पर पुढे १९९३ मध्ये खासदार झाले, २०१३ मध्ये वारले. पुढच्या लेखात त्यांना निदान एक परिच्छेद द्यावा.

– एक निवृत्त कारकून, विनिपेग