मूळ गाव कोणतं?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मागे फोनवर तू म्हणालीस, पुण्यात सगळे मूळ गाव विचारतात आणि इंदूर सांगितलं की "ते झालं, पण मूळचं?" असं पुन्हा विचारतात. तेव्हा मला काही उत्तर देता आलं नाही. परवा बाबांनी गाडी काढली, तीन दिवस निमाडात हिंडलो, आणि तू सारखी मनात होतीस.

महूवरून जाम दरवाजाच्या घाटाने उतरलो. अहिल्याबाईंचा तो दरवाजा माळव्याच्या अगदी काठावर आहे, पुढे एकदम खोल निमाड पसरलेला. महेश्वरच्या वाड्यात त्यांची गादी पाहिली. पांढरी बैठक, लोड, बस. काशी, गया, सोमनाथ इथली देवळं जिने उभी केली तिची ही गादी! मातीची शिवलिंगं करून पुजायची आणि नर्मदेत सोडायची, हा त्यांचा नेम पुजारी आजही चालवतात.

पण खरं लिहायचंय ते रावेरखेडीचं. सनावदच्या बाजूने आत वळावं लागतं, विचारत विचारत गेलो. नर्मदेकाठी तटाचं आवार आणि आत दगडी छत्री. थोरले बाजीराव इथे गेले, २८ एप्रिल १७४० ला, ऐन वैशाखात. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याकडून मिळालेल्या हंडिया आणि खरगोणच्या जहागिरीची व्यवस्था लावायला आले होते, इथेच तापाने गाठलं. वय अवघं ३९. तुझ्या दादापेक्षा दोन वर्षांनी लहान गं! आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. बाबांनी चपला बाहेर काढल्या, "श्रीमंत" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मला रडू आवरेना. शनिवारवाड्यावर केवढी गर्दी असते, आणि इथे नुसता नदीचा वारा.

मल्हारराव याच बाजीरावांच्या हाताखाली मोठे झाले, आणि होळकरांच्या मागोमाग आपली माणसं लेखणी घेऊन माळव्यात आली. तेव्हा पुन्हा कुणी विचारलं तर अडखळू नकोस. मूळची इंदूरची, होळकरांच्या इंदूरची, असं सांग.

दुसऱ्या दिवशी मांडू. जहाज महाल तू पाहिलायस. या खेपेला छप्पन महालातलं संग्रहालय नीट पाहिलं आणि आजींना आवडते म्हणून खुरासानी चिंच घेतली. परतताना धारचा किल्ला. राघोबादादांच्या आनंदीबाई इथे आश्रयाला असताना १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. आदल्या दिवशी आजोबांची समाधी, आज नातवाचं जन्मस्थान! गाडीत बसल्यावर बाबा आणि मी कितीतरी वेळ बोललोच नाही.

दिवाळीला येशील तेव्हा रावेरखेडीला नक्की जाऊ. पहाटे निघू, पोह्यांचा डबा बरोबर घेईन. समाधीवर वाहायला अंगणातली तगर चालेल ना? मी रोपाला आत्तापासूनच खत घालतेय.

तुझी,
आई