बिलात नसलेली विंडोज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क गेली, म्हणून तो शहरातल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. नवी एसएसडी बसवून आणि ‘विंडोज टाकून’ तो संध्याकाळी हाती आला. बिलावर दोनच ओळी होत्या: एसएसडीची किंमत आणि ‘सर्व्हिस चार्ज ६०० रुपये’. लॅपटॉपवर मात्र विंडोजसोबत न मागितलेले ऑफिस आणि फोटोशॉपही आले होते.

हे सारे माझ्यासमोरच झाले. मेकॅनिकने गळ्यातल्या दोरीचा पेनड्राइव्ह लावला, आधी अँटिव्हायरस बंद केला, मग एक काळी खिडकी उघडून त्यात एक आकडा दाबला आणि ‘झाले अ‍ॅक्टिव्हेट’ असे सांगितले. पुतण्याने नंतर उलगडा केला तो असा, की कंपन्यांना घाऊक परवाना मिळतो, त्यांचे संगणक कंपनीच्या सर्व्हरकडून तो ताजा करून घेतात, एकदा ताजा केलेला परवाना १८० दिवस चालतो, आणि हा चोरटा प्रोग्राम त्या सर्व्हरचे सोंग घेऊन आपल्या घरच्या यंत्राला फसवतो.

गंमत म्हणजे अस्सल विंडोजच्या ‘होम’ या घरगुती आवृत्तीचे पैसे मी २०१९ साली लॅपटॉप घेतानाच मोजले होते. तिची ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, मदरबोर्डातच साठवलेली असल्यामुळे होम आवृत्ती पुन्हा टाकली असती, तर ती एक पैसाही न घेता आपोआप सुरू झाली असती. पण पेनड्राइव्हवर सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच बनावट ‘प्रो’ आवृत्ती तयार असते. कोणाच्या यंत्राला मुळात परवाना आहे, हे पाहण्याची तसदी कोण घेणार?

हे ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ टिकावे म्हणून अपडेटही बंद करून ठेवले होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ख प्रमाणे बनावट प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. ‘जाणूनबुजून’ या शब्दाच्या आडोशाला मी महिनाभर होतो, आता तोही राहिला नाही. पाव किलो शेव घेताना तराजूच्या काट्यावरून नजर न हटवणारे आपण इंदूरकर दुकानातून काय भरून आणतो, ते बिलावर पाहत नाही. म्हणून माझी सूचना एवढीच, की संगणक व्यापाऱ्यांनी टाकलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे नाव, आवृत्ती आणि परवान्याचा प्रकार बिलावर लिहावा आणि ग्राहकांनी त्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मी ते बिल घेऊन परत गेलो आणि काय काय टाकले ते लिहून मागितले. दुकानदार ३०० रुपये परत द्यायला तयार झाला, पण लिहून द्यायला नाही.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर