शाळेच्या संडासात पाणी हवे, ताटात ज्वारी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत मुलींसाठी नवे स्वच्छतागृह होणार आहे आणि त्यात कमोड बसवायचे घाटते आहे. गाव खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीतले पाणी खारट, आणि नळ चार दिवसांआड येतो. मी जिल्हा परिषद शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहिते.

सातवीतली एक मुलगी दुपारच्या सुट्टीनंतर पोट धरून माझ्याकडे आली. "मॅडम, पोट लय दुखून राह्यलं." कपाळावर घाम. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पोट चाचपले आणि विचारले, परसाकडे कधी गेली होतीस? चार दिवस झाले होते! शाळेच्या संडासाला कडी नव्हती, टाकी कोरडी. जायची पाळीच येऊ नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. घरी सकाळी सहा माणसांची रांग. खाणे काय, तर चहा-टोस्ट, दुपारी खिचडी, रात्री राशनचा भात आणि पातळ वरण. त्यानंतर मी बाकीच्या मुलींनाही एकेकीला बाजूला घेऊन विचारले. बहुतेकींची हीच गत होती.

माझ्या सासूबाई या तक्रारीवाचून ऐंशी वर्षे जगल्या. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताकातल्या कण्या. आता वावरात सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी पेरली तर पाखरे आणि रानडुकरे ठेवत नाहीत, कापणीला मजूर मिळत नाही. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? पण ताटात काय बदलले ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात दिसते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत.

हे तंतू आपल्याला पचत नाहीत, मग हवेत कशाला, असे मुले विचारत. चिंपांझी, गोरिला यांच्या पचनमार्गाचा जवळपास निम्मा भाग मोठ्या आतड्याचा असतो, कारण पाला आणि कच्ची फळे तिथे आंबवून घ्यावी लागतात. माणसाचे मोठे आतडे साधारण पाचवा हिस्सा. आपले पूर्वज कसदार आणि पुढे शिजवलेले अन्न खाऊ लागले, तसे ते आखडले असे मानतात. आखडले, पण रिकामे झाले नाही. तिथले जिवाणू या तंतूंवरच जगतात आणि त्यातून जी आम्ले बनतात त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. तंतू पाणीही धरून ठेवतात, म्हणून मळ मऊ राहतो. युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवले होते की, भरड धान्य खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा मळ इंग्लंडमधल्या लोकांपेक्षा जास्त भरतो आणि अन्न त्यांच्या पोटातून लवकर पुढे सरकते. मऊ मळ एका लोट्यात स्वच्छ होतो. खडा झाला की कुंथणे, चिरा, रक्त, आणि मग भीतीने पुन्हा रोखून धरणे. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

बसण्याचेही तसेच. गुदमार्गाला मागून एका स्नायूचा फास असतो, तो मार्ग वाकवून धरतो. वर्गात मी ठिबकची नळी वाकवून दाखवायची, पाणी अडते. उकिडवे बसले की हा बाक बराच सरळ होतो. शिवाय उकिडवे बसायच्या, तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते, कमोडच्या टाकीला त्याच्या तिपटीहून जास्त लागते. एवढे पाणी त्या शाळेत आणणार कोण? गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना आणि अपंग मुलांना कमोड हवाच, तेवढा एक जरूर बसवा. बाकी साधी भांडी, आतून लागणारी कडी, रोज भरलेली टाकी आणि हात धुवायला साबण, एवढे द्या.

आणि शाळेच्या आहारात आठवड्यातून दोन दिवस तरी ज्वारी यावी. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून आपण भाषणांत साजरे केले. मुलांच्या ताटात भाकर मी पाहिली नाही. गाडगेबाबांचे शेंडगाव आमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. त्या भागातली मुलगी संडासाच्या धास्तीने तहानलेली राहते, हे मला सहन होत नाही. बांधकाम सुरू होण्याआधी संबंधितांनी फेरविचार करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दर्यापूर, जि. अमरावती