पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र : रानात चरलेलं मटण, पण कशावरून?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझं विट्यात मटणाचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक बोकड का मेंढा एवढ्यावर थांबत नाही, जनावर रानात चरलंय का बांधून पेंड घालून फुगवलंय हे पण विचारतंय, त्यात पुण्या-मुंबईहून गावी आलेली पोरं जरा जास्तच. म्हणून मी फळा लावला, 'माडग्याळी, रानात चरलेलं, किलोमागं ४० रुपये जादा'. माडग्याळी म्हणजे आपल्या जत भागातली मेंढरांची जात. पहिल्याच गिऱ्हाईकानं विचारलं, कशावरून? आता काय मेंढराला साक्षीला बोलवू?

तिकडं ब्राझीलमध्ये गुरांसाठी जंगलं तुटली, तर युरोपनं २०२३ मध्ये कायदाच केला, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरच्या गुरांचं बीफ घ्यायचं नाही. अंमलबजावणी पुढं ढकलली ते सोडा. बीफचा विषय आपल्याकडं वेगळा, २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा सगळ्यांना माहितीय. पण जनावर कुठल्या रानातलं ते दाखवा, हा प्रश्न माझ्या ठोकळ्यापर्यंत आलाय साहेब.

आपल्या तासगावची द्राक्षं युरोपला जाताना प्लॉटची नोंद असते, सॅम्पल लॅबला जातं. मग जतच्या मेंढपाळानं काय घोडं मारलंय? त्याची मेंढरं पडीक रानात, बांधावर, पीक निघालेल्या शेतात चरतात, रात्री बसवली की शेताला लेंडीखत, आणि बाजारात भाव मात्र पेंडीवाल्याचाच.

जैविक मालाला सरकारी प्रमाणपत्र द्यायची योजना २००१ पासून आहे, पण तेवढी फी न् कागदं मेंढपाळांच्या फिरत्या वाड्याला झेपत नाहीत. पीजीएस म्हणून जैविकचीच दुसरी सरकारी पद्धत आहे, त्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची तपासणी करतो, तसलं काहीतरी मेंढपाळांसाठी आणा, जनावराच्या कानातल्या १२ अंकी सरकारी बिल्ल्याला जोडा. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं आपल्या सांगली जिल्ह्यात रांजणीला प्रक्षेत्र आहेच, तिथनंच सुरू करा. सरसकट सगळ्यांना शिक्का मात्र देऊ नका, वनखात्याची कोवळी रोपं खाणारे कळप पण आहेत, खोटं कशाला बोलू.

आणि हो, जादा पैसे देऊ म्हणणारे काटा बघितला की निम्मे मागं सरतात. पण उरलेले निम्मे दर आठवड्याला येतात, त्यांना दाखवायला माझ्याकडं खडूनं लिहिलेल्या फळ्याशिवाय काही नाही.

रांजणीला मीटिंग लावली तर मी येतो, फक्त रविवार सोडून, त्यादिवशी दुकानात गर्दी असते.

आपला,
विट्याचा एक मटणवाला