घरकामगार बायकांना फॉर्मपुरतं नको, वॉर्डातही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेची निवडणूक झाली, दुसऱ्या दिवशी निकाल लागला, ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हातात असलेली महापालिका परत निवडून दिलेल्या माणसांकडे आली. त्यावर पेपरात भरपूर लिहून आलं आणि ते यायलाच पाहिजे. पण त्या दिवशी पुण्यातल्या धुणं-भांडी, केर-लादी, पोळ्या करणाऱ्या बायकांनी मतदान कधी आणि कसं उरकलं हे मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. मी कोथरूडला पोळ्यांची कामं करते, घरकामगारांच्या एका संघटनेची सभासद आहे आणि संध्याकाळी दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वस्तीत बायकांचे फॉर्म भरून द्यायचं काम बघते, त्यामुळे लाभ काय मिळतात आणि गाडी कुठं अडते हे रोज समोर असतं.

मतदानाच्या दिवशी ऑफिसांना सुट्टी असते, म्हणजे साहेब, मॅडम, मुलं सगळे घरी, म्हणजे नाश्ता वेगळा, जेवण वेगळं, एखादा पाहुणा पण. आमचं काम त्या दिवशी कमी होत नाही, वाढतं. यंदा तर आदल्या दिवशी संक्रांत, गुळपोळ्या लाटून सगळ्यांचे हात भरून आलेले. चार कामं धरलेली बाई सकाळी सातला घर सोडते ती तीनला परत येते, मग स्वतःचं पाणी, स्वयंपाक, आणि मग बूथवर रांग, आणि यावेळी बहुतेकांना एक नाही चार मतं द्यायची होती त्यामुळे रांग पण हळू. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमात मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्याचे पण पैसे कापता येत नाहीत, पण ते धंदा, कारखाना, आस्थापना यांच्यासाठी आणि लोकसभा-विधानसभेसाठी, महापालिकेच्या वेळी सरकार वेगळा आदेश काढतं. घराला कोणी आस्थापना म्हणत नाही. त्यामुळे ज्या बाईला सुट्टी हवी तिनं ती मागायची, आणि मिळाली तर खाडा म्हणून मिळायची. काही घरांनी आपण होऊन सांगितलं की मावशी आज येऊ नका, आधी मत द्या, पैसे कापणार नाही. अशी घरं आहेत आणि त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण कुणाच्या चांगुलपणावर मतदान अवलंबून असावं का, हा माझा प्रश्न आहे.

आता संघटनेबद्दल. बाई संघटनेत येते ती लाभासाठी येते आणि त्यात काही गैर नाही. वर्गणीची पावती फाडली की ती पहिला प्रश्न विचारते, ताई मला काय मिळणार? तर २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, १८ ते ६० वयाच्या बाईची त्यात नोंदणी होते आणि नोंदणी चालू असेल तर मंडळाच्या योजना लागू होतात. ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदीत बायकांना सन्मानधन म्हणून दहा हजार रुपये मिळाले. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये सरकारनं पंधराशे रुपये दिले ते पण नोंदीत बायकांनाच. त्या वेळी आमच्या गल्लीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन बायका, दोघी तीच कामं करणाऱ्या, एकीच्या खात्यात पैसे आले आणि दुसरीच्या नाही, कारण दुसरीनं नूतनीकरण केलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये पंधराशे म्हणजे महिन्याचं धान्य होतं हो.

आणि नोंदणी अडते कुठं ते पण सांगते. फॉर्मला जिथं काम करतो तिथलं काम करत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. एवढासा कागद, त्यावर मालकिणीचं नाव, पत्ता, सही. पण सही करायची म्हटलं की चांगल्या चांगल्या घरातले लोक बिचकतात, उद्या ही बाई कोर्टात जाईल, पीएफ मागेल, आमच्यावर काहीतरी येईल असं त्यांना वाटतं. तसं काही होत नाही, तो कागद फक्त ही बाई घरकाम करते एवढंच सांगतो. दहा-बारा वर्षं ज्या घराची किल्ली बाईकडे असते, ज्यांच्या बाळाला तिनं अंघोळ घातलेली असते, त्या घरात सहीसाठी बाई तो कागद ब्लाउजमधून काढते, पोळ्यांचं पीठ हाताला लागलेलं असतं म्हणून हात पदराला पुसते, कागद ओट्यावर ठेवते, आणि उत्तर येतं, साहेबांना विचारून सांगते. मग आठवडा जातो, महिना जातो, कागदाच्या घड्या फाटतात. वाचकांपैकी ज्यांच्याकडे असा कागद आला असेल त्यांनी कृपा करून सही करा. त्यानंतर आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा किंवा बंद पडलेला, ओटीपी येत नाही, तो त्रास वेगळाच, पण तो आम्ही संघटनेत बसून सोडवतो, सही मात्र आम्ही करू शकत नाही.

पण मला मुख्य म्हणायचंय ते याच्या पुढचं आहे. लाभ लाभ म्हणून आपण जे मागतो ते कुणी टेबलावर बसून आपोआप दिलेलं नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, घराघरात विखुरलेल्या, एकमेकींना नीट न ओळखणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या, पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागितली आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ चा कायदा व्हायला त्यानंतर अठ्ठावीस वर्षं लागली. हमालांचं बघा, बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, माथाडींसाठी अण्णासाहेब पाटील लढले, तेव्हा कुठं १९६९ चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला मंडळातून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी मिळायला लागली. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ ची, त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली आणि २००८ मध्ये स्वच्छ ही संस्था महापालिकेबरोबर करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. या सगळ्या लोकांनी आपण कामगार आहोत हे तर सांगितलंच, पण आपण या शहराचे नागरिक आहोत हे महापालिकेच्या दारात जाऊन सांगितलं. आमच्या बायका लाभाचा फॉर्म भरतात आणि वॉर्डाच्या कामाला मात्र येत नाहीत, ते आपलं नाही असं त्यांना वाटतं. ते आपलंच आहे हे मला पटवायचंय, त्यांना पण आणि शहराला पण.

सगळ्यात साधी गोष्ट घ्या, संडास. हे पेपरात लिहायला बरं वाटत नाही पण लिहिते. बऱ्याच घरांमध्ये कामाच्या बाईला संडास वापरू देत नाहीत. काही सोसायट्यांत खाली वॉचमनसाठी असतो तो वापरा म्हणतात, त्याला कडी नसते नाहीतर पाणी नसतं. बाई सातला घरातून निघाली की तीनपर्यंत मोकळी होऊ शकत नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बाईमाणसाला सांगायला नको. लघवीची जळजळ, इन्फेक्शन, किडनी स्टोन, आमच्या मीटिंगमध्ये निम्म्या गप्पा याच असतात. आता हा लाभ कुठलं मंडळ देणार? हा देणार महापालिका, रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ, पाण्याचं, कडी असलेलं स्वच्छतागृह बांधून. आणि ते मागायची सोय पुण्यात आहे, २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत पुण्यात सुरू आहे. आपल्या भागात फुटपाथ, दिवे, बाक, बसस्टॉपचं शेड, स्वच्छतागृह असं छोटं काम सुचवायचा फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात भरून देता येतो.

आम्ही काही जणींनी ठरवलं की जिथं सोसायट्या जास्त आणि आमच्या बायका जास्त त्या रस्त्यावर स्वच्छतागृह सुचवायचं. एका क्षेत्रीय कार्यालयात दुपारच्या दोन कामांच्या मधल्या वेळात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, कुठल्या सोसायटीकडून आलात? आम्ही म्हटलं, सोसायटीत काम करतो, संघटनेकडून आलोय. मग म्हणाले, तुम्ही राहता तिथलं सुचवा, इथलं कसं सुचवता. आणि साहेब जेवायला गेलेत, चारनंतर या. चारनंतर आमची संध्याकाळची भांडी सुरू होतात. बोलणं उर्मट नव्हतं, तो माणूस आपल्या परीनं बरोबरच होता. पण विचार करा, जी बाई दिवसाचे आठ तास त्या रस्त्यावर, त्या भागात घालवते तिला त्या भागाचं काही सांगायची जागाच नाही. राहते तिथं ती फक्त झोपायला असते, आणि जिथं राबते तिथं ती मोजलीच जात नाही.

पथारीवाल्यांसाठी २०१४ च्या केंद्राच्या कायद्यानं शहर फेरीवाला समितीत ४० टक्के जागा त्यांनीच निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या ठेवल्यात, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. म्हणजे जो रस्त्यावर कमावतो त्याला रस्त्याबद्दल बोलायला बसवलंय. मग घरकामगारांसाठी असं काही का असू नये? निदान त्या त्या क्षेत्रीय कार्यालयाच्या बैठकीला संघटनेच्या दोन बायकांना बोलावलं तर कुणाचं काय जातं?

आणि राहतो तिथलं म्हणाल तर तेही काही कमी महत्त्वाचं नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा घरांत पाणी शिरलं तेव्हा आमच्यातल्या बहुतेक बायका कामावर होत्या, मालकिणीच्या टीव्हीवर आपलीच गल्ली बघत होत्या. पुढच्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. या दोन्ही वेळी कितीतरी जणींची रेशनकार्डं, आधार, नोंदणीचं कार्ड, बँकेचं पासबुक सगळं चिखलात गेलं. म्हणजे मिळालेला लाभसुद्धा वस्तीतल्या भिंतीवर आणि ओढ्याच्या सफाईवर अवलंबून आहे. त्याचं बजेट, त्याच्या हरकती-सूचना, त्याच्या सुनावण्या, यात आमची बाई नको का?

कुणी म्हणेल युनियननं राजकारणात पडू नये, लाभापुरतं काम करावं. आमच्यातल्याही काही जणी हेच म्हणतात, उगाच कुठल्या पक्षाचा शिक्का नको म्हणून. त्यांची भीती खरी आहे, निवडणूक आली की संघटनेच्या बायकांना सभेला गाडीत घालून नेणारे लोक आम्ही पण बघतो. पण १९२६ चा ट्रेड युनियन कायदा ज्यांनी केला त्यांनी तेव्हाच सभासदांच्या नागरी आणि राजकीय हितासाठी वेगळा निधी ठेवायची मुभा युनियनला दिली होती, मतदार नोंदणीचा खर्चसुद्धा त्यातून करता येतो असं त्यात होतं. आणि सोबत हे पण लिहिलं होतं की या निधीला पैसे द्यायची सक्ती कुणावर करायची नाही आणि दिले नाहीत म्हणून त्या सभासदाचे लाभ अडवायचे नाहीत. मला ही फार शहाणपणाची मांडणी वाटते. लाभ सगळ्यांना, आणि शहराच्या कामात जिला यायचंय तिला वाट मोकळी. मत कुणाला द्यायचं हे संघटनेनं सांगू नये, पण यादीत नाव आहे का हे बघणं संघटनेचं काम आहे. आमच्या वस्तीतून पुनर्वसनात बिल्डिंगमध्ये गेलेल्या कितीतरी बायकांची नावं अजून जुन्याच पत्त्यावर आहेत. त्यासाठी आठ नंबरचा फॉर्म असतो, नवीन नाव असेल तर सहा नंबरचा. मंडळाची नोंदणी करताना त्याच टेबलावर, त्याच आधारकार्डावर हा फॉर्म पण भरून घेतला तर बाईचा वेगळा खाडा होत नाही. आम्ही हे सुरू केलंय, बाकीच्या संघटनांनी पण करावं.

नवीन नगरसेवकांना आणि महापालिकेला विनंती अशी की सहभागी अंदाजपत्रकाचे फॉर्म वस्तीत येऊन घ्या, संध्याकाळी सातनंतर नाहीतर रविवारी दुपारी, आणि फॉर्मवर राहण्याच्या पत्त्याशेजारी कामाचा भाग लिहायला एक ओळ ठेवा. शहरी गरीब योजनेची माहिती पण त्याच वेळी सांगा, ती गरिबांच्या उपचाराच्या खर्चासाठी महापालिकेची स्वतःची योजना आहे आणि तरी आजारपण आल्यावर हॉस्पिटलच्या बाकावर बसून बायका आम्हाला फोन करतात, ताई ते कार्ड कुठं निघतं. आणि वाचकांना, ज्यांच्या घरी आमच्यातली कुणी काम करते त्यांना, विनंती की पुढच्या मतदानाला पगारी सुट्टी द्या आणि महिन्यातून एकदा संघटनेच्या मीटिंगला जाण्यासाठी दोन तास खाडा न धरता सोडा. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कामाच्या बायकांसाठी संडासाचा विषय एकदा घ्या, कडी आणि पाणी एवढंच आधी झालं तरी आमची मोठी सोय होईल.

आपली,
घरकामगार संघटनेची एक सभासद,
दांडेकर पूल परिसर, पुणे